बावन्न

बापू वाशीच्या मार्केटात साखरेच्या गाळ्यावर होते.
अठ्ठावीस वर्षं पाठीवर क्विंटलची पोती.
घरी आले की सदरा झटकायचे,
आणि कोपरखैरणेच्या आमच्या खोलीत मुंग्यांची रांग
थेट खुंटीपर्यंत जायची.
शालन म्हणते, त्यांच्या पाठीवरून उतरली
ती तुझ्या रक्तात चढली.
डॉक्टर म्हणतात, तसं नसतं.
डोक्याच्या गोळीनं वजन वाढतं, वजनानं साखर.
म्हणजे गोळीनं आवाज बारीक केला
आणि जाताना दार उघडं टाकलं.

बारीक केला, बंद नाही.
तो अजून आहे. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू.
आमच्या घराला वरचा मजला नाही, हे मला माहीत आहे.
अकरा वर्षांत एवढं शिकलो:
तो बोलतो, मी भांडी घासतो.
तो म्हणतो, पाण्यात काहीतरी कालवलंय.
मी पाणी पितो. त्याच्यासमोर पितो.

मंगळवारी डोक्याची ओपीडी, गुरुवारी साखरेची.
दोन फायली, दोन पिशव्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या.
मंगळवारी पायाकडे कुणी बघत नाही.
गुरुवारी म्हटलं, तळव्यात निखारे ठेवल्यागत होतंय,
तर त्या पोरगेल्या डॉक्टरनं
गोळ्यांची यादी वरून खाली वाचली
आणि विचारलं, "यांना भास होतात ना?"
मला नाही, शालनला.
शालन खाली बसली. माझी चप्पल काढली,
पाऊल हातात धरून अंगठ्याखालचा फोड दाखवला.
म्हणाली, "हा भास तुम्हीपण बघा."

बोट टोचायचं यंत्र मात्र मला आवडतं.
ते समजूत काढत नाही.
एकशे ऐंशी म्हणजे एकशे ऐंशी.
दिवसभरात तेवढंच एक वाक्य,
जे खरं की खोटं, कुणाला विचारावं लागत नाही.
कारण हात थरथरणं, घाम, छातीतली फडफड
दोघांचीही सारखीच.
भीती आली की साखर उतरली,
दारातून बघून ओळखू येत नाही.

तर ती रात्र.
पावणेतीन. मार्केटकडे वळणारे ट्रक.
तो म्हणाला, ऊठ हणम्या. साखर खा.
मी पडून राहिलो.
त्याचं ऐकायचं नाही, हे पाठ आहे,
डॉक्टरांनी, शालननं, वॉर्डातल्या सिस्टरनी
घोटून घेतलंय.
उशी भिजली. पंख्याचे दोन पंखे झाले.
ऊठ.
एरवी तो ओरडतो. त्या रात्री ओरडला नाही.
पोतं पाठीवर असताना माणूस बोलतो तसा,
श्वास राखून, मोजकं.

त्याचं ऐकलं म्हणून नाही,
यंत्राला विचारायचं म्हणून उठलो.
बावन्न.

डबा सापडला. मूठ तोंडात कोंबली,
ओट्याला टेकून बसलो, दाढांत कचकच.
फरशीवर सांडलेल्याकडे
सकाळपर्यंत मुंग्या आल्या होत्या.

मंगळवारी विचारलं, आवाज?
म्हटलं, कमी आहेत.
गुरुवारी विचारलं, शुगर लो झालेली कळलं कसं?
म्हटलं, यंत्रानं.
त्यांनी रात्रीचं इंजेक्शन चार युनिटनं उतरवलं.

शालनला खरं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.
बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,
तूच असशील तो.
तुलाच कळलं असेल,
फक्त स्वतःचं ऐकायची सवय गेली तुझी.

असेल.
मग बाकीचं जे तो बोलतो, बापूंबद्दल,
तिच्याबद्दल, खाडीबद्दल, तेही मीच?
हे विचारलं नाही.
ताटात एक खडा राहिला होता,
तो बोटानं दाखवला.
"दिसला," ती म्हणाली.