धुवण

आमचं रान गगनबावड्याच्या कडेला.
बांधाच्या अलीकडं पडलेला थेंब कुंभीत जातो,
पंचगंगेत, मग कुठं लांब उगवतीच्या समुद्राला.
पलीकडचा घाट उतरतो आणि खाडीत.
बरगे मास्तर हे सांगायचे
तेव्हा आम्ही पोरं बांधावर उभारून
दोन्हीकडं मुतायचो,
दोन समुद्रांना.

आता मी भाड्यानं पंप मारतो.
एका पंपाला एक टोपण,
वारा पडलेला असताना, पहाटे,
उसाच्या सरीत नळी खाली धरून.
आठव्या दिवशी घोळ, माठ, कुर्डू
तंबाखू वाळावी तसं.
चिंगूबाईची भांगलणीची टोळी सात जणींची होती.
जाताना वट्यात भाजी न्यायच्या.
आता ती एकटीच येऊन बांधावर बसते,
खुरपं घेऊन.
कशाला, ते सांगत नाही.

काम झालं की पंप ओढ्यात विसळायचा.
पलीकडच्या. तो जवळ पडतो.
तीनदा.
पाणी दुधासारखं होतं,
मग पाण्यासारखं.

थोरली शालन खाडीकाठी दिलीय.
भाऊबीजेला येताना डबाभर तिसऱ्या आणते.
यंदा शिंपल्या उघडल्या तर आत
करंगळीच्या नखाएवढं मांस.
"चिखलावर हिरवी साय धरायची," ती म्हणाली,
"तिच्यावर ही जगायची.
आता चिखल म्हणजे नुसता चिखल."
कुणी एक पोरगी आलेली म्हणे, बाटल्या घेऊन,
गुडघाभर पाण्यात उतरली,
बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून गेली.
चिठ्ठ्यांवर काय होतं
मी विचारलं नाही.
आईनं तांदळाचं धुवण कढीपत्त्याला ओतलं,
रोजच्यासारखं,
आळ्यात, मुळापाशी, एक थेंब बाहेर न सांडता.
मी दोनदा रस्सा वाढून घेतला.
शालननं माझ्या ताटातल्या शिंपल्या मोजल्या
की मला तसं वाटलं.

काल पंप विसळायला गेलो
आणि झाकण हातात घेऊन उभाच राहिलो.
अलीकडं ओतावं तर कुंभी.
खाली सगळी गावं, नळ, म्हशी.
पलीकडं शालन.
रानात ओतावं तर पाऊस कधीतरी येणारच.
चिंगूबाई बांधावरनं बघत होती.
म्हणाली, "पी की."
हसली नाही.

पंप तसाच पाठीवर घेऊन घरापर्यंत आलो.
वाटभर आत
धुवण डचमळत होतं.