मेलेली फळी

रुझोम्बेरोकच्या हॉलमध्ये, आणीबाणीच्या दाराशी,
एक फळी मेलेली आहे.
तिच्यावर चेंडू आपटला तर उसळत नाही,
नुसता ‘धप्प’ म्हणतो
आणि गुडघ्याखालीच घोटाळतो,
उशिरा घरी आलेल्या माणसासारखा.

हे ठाऊक असलेली माणसं तीन:
झाडूवाला गेझा, तो आता नाही,
मी, घड्याळाच्या टेबलावरचा,
आणि द्राहोमीरा स्क्लेनारोवा, पाच नंबर.

बारा वर्षांची असताना आली.
बाप कागदाच्या गिरणीत. अंगाला उकडलेल्या कोबीचा वास,
गावात सगळ्यांनाच असतो, म्हणून कुणालाच येत नाही.
उंची बेताची. हात मात्र
कुणाकडून तरी मागून आणल्यासारखे लांब.
पहिल्याच आठवड्यात तिनं फळी हुडकली
आणि गप्प राहिली.
समोरचीला गोडीगुलाबीनं तिकडे न्यायची.
धप्प. चेंडू हिच्या हातात.
पाहुण्या कोचना वाटायचं, पोरीच्या बोटांत काहीतरी आहे.

मग निघाली.
शोप्रोन, स्कीओ, ग्दिन्या,
एक हिवाळा इस्तंबूलच्या कडेला, जिथं तीन महिने पगार आला नाही
आणि घरमालकीण रोज दाराशी मसुराचं सूप ठेवून जायची.
गुडघा दोनदा उघडला, दोनदा शिवला.
मी पेपरात, आतल्या पानावर, बारीक टायपात वाचायचो:
बावीस मिनिटं, नऊ पास, चार गुण.
पास देणारीचं नाव मथळ्यात येत नाही.

एक सांगायचं राहिलं.
ती जाण्याआधीचा शेवटचा सामना. एका गुणाची पिछाडी,
रेषेबाहेरून चेंडू आत.
हात लागला की मग बटण, असा नियम.
माझं बोट आधीच पडलं.
अर्धा सेकंद असेल, नसेल.
भोंगा वाजला तेव्हा चेंडू तिच्या नखांवर होता,
मग जाळीतून पडला, आवाजसुद्धा न करता.
पंचानं हात आडवे हलवले.
गिरणीची अख्खी दुसरी पाळी पंचाच्या आईपर्यंत पोचली.
टेबलाकडे कुणीच पाहिलं नाही.
तिनं पाहिलं. एकदाच.
मग वाकून बांधलेलीच नाडी पुन्हा बांधली.
एकवीस वर्षं अळीमिळी गुपचिळी.

परतली ती चार बॅगा, कॉफीचं इटालियन भांडं
आणि पाऊस आधी ओळखणारा गुडघा घेऊन.
चौदाखालच्या मुली तिच्याकडे दिल्या.
पहिले सहा महिने वाईट. स्वतःच धावून दाखवायची,
मुली भिंतीला टेकून बघायच्या.
‘तुम्हीच खेळताय. आम्ही कधी?’
विचारलं दातांना तारा असलेल्या व्हिल्मानं.
त्या संध्याकाळी रिकाम्या बाकावर
तिनं शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, गुंडाळली.
दुसऱ्या दिवसापासून बसते.
बसणं अजून जमत नाही;
टाच आपली जमिनीवर ड्रिबल करत राहते.

फळीचं पोरींना सांगितलंस का, मी विचारलं.
म्हणाली, जिला ऐकू येईल तिला सापडेल.

काल मार्टिनच्या संघाशी. तीन सेकंद. एका गुणाची पिछाडी.
टाइम-आउट शिल्लक होता. ती टेबलाशी आली, वाकली.
मी तोच मागतेय समजून हात उचलला.
‘बोट हलकं ठेवा, काका,’
एवढंच, आणि जागेवर जाऊन बसली.
मी घड्याळ पाहिलं नाही. हात पाहिले.
चेंडू व्हिल्माच्या तळव्याला टेकला, मग दाबलं.
शॉट कडीवर आपटून बाहेर.
हरलो.
पण ते तीन सेकंद पुरते तीन सेकंद होते.

सगळे गेल्यावर व्हिल्मा चेंडू आपटत
आणीबाणीच्या दाराकडून निघाली.
धप्प.
थांबली. मागे आली. पुन्हा आपटला.
द्राहोमीरा दिवे बंद करत होती,
तिनं त्या कोपऱ्यातला राहू दिला.