कात्री, एक

मथुरा गांगुर्डे, राहणार मोहाडीच्या पुढे, वस्तीवर.
घटनेची तारीख? मी विचारते.
गोड्या छाटणीच्या दुसऱ्या दिवशी, ती म्हणते,
आम्ही काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावत होतो
आन् माझाच डोळा मिटलेला.

मी लिहिते: ऑक्टोबर. सतरा किंवा अठरा.

त्याआधी?
खरड छाटणीत. त्याच्या आधी डिपिंगला, दोनदा.
पोरगी झाली नव्हती तेव्हाचं धरू का?
धरा, म्हणते मी, आणि पुरवणी जोडते.

नासर्डी पुलापाशी हे ऑफिस, पंखा एकाच वेगाचा,
भिंतीवर हसऱ्या बाईचं सरकारी पोस्टर.
पंधराशे येतात ना तुम्हाला?
येतात की. टिंग वाजते
त्यांच्या खिशात. मोबाईल तिकडंच असतो.

याला रकाना आहे. आर्थिक छळ. मी खूण करते.

स्त्रीधन. तपशील द्या.
डोरलं सोसायटीच्या हप्त्यात गेलं,
जोडवी… राहू द्या.
थिनिंगची कात्री लिहा, लाल मुठीची.
तिच्यावर माझी रोजी होती.
विहिरीत टाकली त्यानं.

दागिने, भांडी, रोकड: छापील रकाने एवढेच.
अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
मी दागिन्यांखाली लिहिते:
कात्री, एक.

अंदाजे किंमत?
तीनशे.
सही करता करता ती थांबते.
धार लावून आणलेली होती, बाई.
साडेतीनशे लिहा.