व्याजावरचं व्याख्यान

वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी,
बडोद्याच्या विद्यापीठात, घुमटाशेजारच्या हॉलमध्ये
राठवाभाई माइकवर फुंकर मारतात
आणि माझ्या वडिलांचं नाव पडद्यावर येतं :
कै. हैबतराव शितोळे तत्त्वज्ञान व्याख्यान.

तत्त्वज्ञ नव्हते ते.
प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात टाइमकीपर.
फंडाचे पैसे हातात आले तेव्हा सगळ्यांना वाटलं,
आता वाघोडिया रोडला प्लॉट.
त्यांनी विद्यापीठात जाऊन फॉर्म मागितला.
कारकून म्हणाला, काका, एडमिशननी बारी पेली बाजू.

सुरुवातीला व्याजात तीन व्याख्यानं बसायची,
वक्त्याला फर्स्ट क्लासचं भाडं, शाल, नारळ
आणि श्रोत्यांना चहा, खारी.
मग दर उतरले. तिनाची दोन झाली,
दोनाचं एक.
खारी गेली. नारळ राहिला.
या वर्षी बाई पुण्याहून स्लीपरनं आल्या,
म्हणाल्या, मला वरचा बर्थच आवडतो.
खोटं बोलल्या. सत्तरीच्या आहेत.

विषय : काळ.
समोर अकरा माणसं, राठवाभाई धरून बारा.
देसाईकाका, जे दर वर्षी झोपतात
आणि नेमक्या शेवटच्या वाक्याला जागे होऊन टाळी वाजवतात.
फाल्गुनी, एम.ए.ची, हजेरीपुरती आलेली,
हजेरीचा कागद केव्हाच फिरून गेला तरी बसलेली.

बाई म्हणाल्या, भूतकाळ कुठे जातो असं विचारू नका,
तो काही विश्वामित्रीत उतरलेली मगर नव्हे,
की दिसत नाही, पण आहे.
देसाईकाका डोळे मिटूनच म्हणाले,
तसंच तर आहे ने.
हॉल हसला. बाई हसल्या नाहीत.
पेन काढून त्यांनी कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं.

वडील प्रश्नोत्तरांत हमखास उठायचे.
त्यांचा प्रश्न एकच, वक्ता कुणी का असेना :
साहेब, हे घरी जाऊन कसं सांगू?
लोकांना तो विनोद वाटायचा.
पण घरी आई असायची,
सयाजी इस्पितळातली दुपारपाळी संपवून
कोमट पाण्यात पाय सोडून बसलेली.
काय म्हणाला तुमचा माणूस?
मग ते, सायकलची क्लिप पायजम्याला तशीच,
पाणी गार होईपर्यंत सांगत राहायचे,
मिथ्या म्हणजे खोटं नव्हे गं, तसं नव्हे,
थांब, परत सांगतो.
एकदा आई म्हणाली, एवढंच?
हे आमच्या चार नंबर वॉर्डातल्या जिवीबेनला माहीत होतं.
होतं, असं म्हणाली.
मग टॉवेल मागितला.

ते गेल्यावर त्यांच्या डायरीत एक जुनं हजेरीकार्ड सापडलं.
मागे पेन्सिलीनं :
'उशिरा येणाऱ्यांची पाच-पाच मिनिटं मी माफ केली.
कुठे लिहिली नाहीत.
ती कुठे जमा झाली?'
हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं.

या वर्षी मी उठले. कार्ड वाचून दाखवलं.
माझा आवाज माइकशिवाय फार बारीक आहे.
बाई बराच वेळ पंख्याकडे बघत होत्या.
म्हणाल्या, मला माहीत नाही.
मग म्हणाल्या, एकूण किती जणांची?
आभाराला उठलेले डीन परत बसले.

रात्रीची गाडी होती. स्टेशन तर दोन पावलांवर,
पण बाई म्हणाल्या, आधी ती नदी दाखवा.
स्कूटर काळाघोड्याच्या पुलावर थांबवली.
खाली अंधार, प्लास्टिक, कुजकट वास.
शाल खांद्यावर, नारळ पोटाशी धरून
त्या कठड्यावरून वाकल्या.
तुमची गाडी, मी म्हटलं.
हं, त्या म्हणाल्या.
पाच मिनिटं.