आधी कंपायलर

खोब्रागडेनं फळ्यावरची अर्धी यादी पुसली.
ग्राफिक्स गेलं, आवाज गेला,
परवापर्यंत ज्याच्यावरून भांडलो
तो डेस्कटॉपही.
उरला कंपायलर. मग कर्नल.
"बाकीचं, जगलो-वाचलो तं पाहू बे."

धरमपेठेतला मे. कूलरला दुसरी बादली.
पहिला वारा बोर्डाला,
त्याच्यामागे आम्ही तिघं
उष्ट्या वाऱ्यात.

ही चिप वापरतं कोण, लोक विचारतात.
उमरेडकडच्या खाणीत
पाणी उपसणारा एक पंप आहे.
तो वापरतो.

रात्री दोनला नऊ हजारांतली
एक चाचणी पास झाली:
साताला दोनानं भागलं, साडेतीन आले.
काल चार येत होते.

खोब्रागडेनं फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
रिकामी बादली उचलली,
नळ आलाय का बघायला
खाली गेला.