जिराफाची मान

पाळक म्हणाले, रविवारी उपासनेनंतर आफ्रिकेचा कार्यक्रम,
लेकराबाळांसकट यायचं.
आणि इम्मानुएल, बॅनर तुझ्याकडे.

मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणारा माणूस.
दोन मोर, एक फणा, आईची कृपा, मालकाचा मोबाईल नंबर.
आफ्रिका मला कोण सांगणार?
शनिवारी रात्री चर्चच्या ओट्यावर मांजरपाट पसरला,
एक सिंह काढला, एक झोपडी,
आणि उरलेल्या सगळ्या पिवळ्यात एक जिराफ.
मान पार वरच्या काठापर्यंत. झकास जमली होती.

सकाळी म्वापे आले,
इथल्या बियाण्याच्या कंपनीत मका शिकायला आलेले,
त्यांची मुटिंटा, आणि पोरगी थांदिवे,
जालन्याच्या शाळेत दुसरीला,
शिव्या आमच्या पोरांइतक्याच शुद्ध देते.
तिघं बॅनरपुढे उभे. बराच वेळ.
बाप हळूच काही बोलला, पोरीनं मराठीत आणून दिलं:
पप्पा म्हणतात आम्ही लुसाकाचे.
सिंह त्यांनी एकदाच बघितला, जाळीत, झोपलेला.
पप्पा विचारतात, काका, तुमचा हत्ती कुठं बांधलाय?

सगळे हसले. मीही.
कान मात्र तापले.

दीड तास हातात होता. म्हटलं, सांगा मग, काय काढू?
थांदिवे म्हणाली, आजीचं दुकान. रिचार्जची छत्री. बस, मागून धूर.
मुटिंटा म्हणाली, गिरणी,
आणि गिरणीपुढं डबे घेऊन बसलेल्या बायका.
गिरणी! ती तर मी झोपेत काढीन.
झोपडीची गिरणी केली. सिंहाची आयाळ पुसली,
दुकानापुढं पहुडलेलं कुत्रं झालं.
जिराफ काही केल्या जाईना,
त्याचा विजेचा खांब केला, तारा ओढल्या.

बायकांच्या चेहऱ्यांना रंग कालवत होतो.
पोरीनं हात डब्याशी धरला, असा.
तांबडा, काळा, बोटभर निळा,
आणि झाकण लावताना माझंच मनगट मध्ये आलं.
शाळेत मला हबशी म्हणायचे.
म्हणणारा आता क्वायरमध्ये तिसरा उभा राहतो, आवाज गोड आहे.
डब्यातला रंग उरला नाही. सगळा लागला.

मग काय, ढोल झाला, गाणी झाली,
त्यांच्या भाषेतली प्रभूची प्रार्थना झाली, आमेन सगळ्यांना कळलं.
राहेलबाईंनी न्शिमा चाखला:
ही तर मकीची उकड, माय. मीठ राहिलं का गं?
मीठ घालतच नसतात म्हटल्यावर
बाई खुर्चीत बसल्या, विचार करीत,
आणि अजून एक गोळा घेतला.
सलोमीचं लेकरू सकाळपासून किरकिरत होतं.
मुटिंटानं कमरेचं चितेंगे सोडलं,
लेकराला पाठीशी बांधलं, दोन हिसके, एक गाठ,
आणि ते झोपलं.
सलोमी आपले रिकामे हात घेऊन
कुठं ठेवावेत ते न कळून उभी.

जूनमध्ये ते गेले.
बॅनर आता हॉलच्या खुर्च्यांवर झाकायला असतो.
वर पत्रा फुटका, ऊन थेट पडतं, रंगाचे पोपडे निघतात,
विजेच्या खांबावर
तपकिरी ठिपके वर यायला लागलेत.
पाळक म्हणतात, एक हात मारून टाक.
मी म्हणतो, बघू.