संदर्भसेवा

अमळनेर, दुपारचे तीन.
कौतिकबाई चपला बाहेर काढून काउंटरशी उभ्या.
"नकाशा दे वं माय."
कोणता, विचारलं तर
"मन्ही पोर जठे दियेल शे, तो."

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात शिकवलं होतं:
कशाला हवाय, असं विचारू नये.
गाव विचारलं. मढी.

जिल्ह्याच्या नकाशात नाही.
गुजरातच्या पानावरही तिथं
नुसता पिवळा रंग.
"नाही" ओठांवर आलंच होतं,
तेवढ्यात आठवलं, तळच्या कप्प्यात
रद्दीत जायचं राहिलेलं
रेल्वेचं जुनं वेळापत्रक.

सापडलं. व्याराच्या पुढं.
त्यांना वाचता येत नाही.
मी एकेक स्टेशन म्हणत गेले,
त्या बोटांची पेरं मोजत.
नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा...
नंदुरबारला हात बदलला.

संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं:
वाचक एक.
देवघेव निरंक.